मेधाच्या बाबांचं पानिपत

जुलै लागला की दिल्लीतले कूलर निकामी होतात. मे-जूनच्या कोरड्या झळांत वाळ्याच्या ताट्यांतून येणारी जी ओली हवा जीव वाचवते, तीच आता अंगाला चिकटायला लागते. आभाळ दिवसचे दिवस मळकट असतं, झाडाचं पान हलत नाही. इथले लोक या हवेला उमस म्हणतात. आमच्या घरात इतक्या वर्षांनीही 'उकडतंय' असंच म्हणतात, पण तो शब्द पुरत नाही. उकडतं ते बाहेरून, उमस आतून येते. याच दिवसांत जुन्या सरकारी रस्त्यांवरचे फूटपाथ जांभळांनी रंगतात आणि लोक सँडलचा चवडा उचलून, टाचांवर चालत जातात.

मला हे दिवस आवडत नाहीत. हा कॉलेजप्रवेशाचा हंगाम असतो. आता सगळं संगणकावरच्या परीक्षेनं ठरतं आणि घरबसल्या कळतं, पण तेव्हा कॉलेजच्या व्हरांड्यात याद्या लागत. टाइप केलेल्या, खाली निळ्या शाईची सही. त्या यादीपुढे मागच्या मुलीचा श्वास आपल्या मानेवर येई. आपलं नाव शोधताना बोट कागदावरून खाली खाली सरके आणि घामानं अक्षरं पुसट होत. अजूनही बसमधून जाताना फायली छातीशी धरलेल्या मुली दिसल्या की मी दुसरीकडे बघते.

मी कॉलेजात गेले त्या सुमारास देशात काहीतरी उघडतंय असं सगळे म्हणत होते. यमुनेपलीकडे सोसायट्यांचे सांगाडे उभे राहत होते. आम्हीही करोलबागेतल्या भाड्याच्या खोल्या सोडून पटपडगंजच्या एका नव्या सोसायटीत राहायला गेलो होतो. खाली अजून रस्ता नव्हता, नुसती वाळू, विटा आणि बांबू. पण गच्च्यांवर थाळ्यांएवढ्या अँटेना आल्या होत्या, आणि शेजारच्या सरदारजींनी नवीन गाडीच्या सीटवरचं प्लास्टिक सहा महिने काढलं नव्हतं. पप्पा सरकारी बांधकाम खात्यात नकाशे काढत. मूळचे आम्ही नगरचे, आजोबांच्याही आधीपासून ख्रिस्ती. दर रविवारी यमुना ओलांडून उपासनेला जायचं आणि महिन्यातून एकदा मराठी उपासना असेल तेव्हा जुनी गायने घसा फोडून म्हणायची, एवढाच आमच्या नगरचा दिल्लीतला शिल्लक भाग.

मेधा जोशी माझी मैत्रीण. पहाडगंजातल्या मराठी शाळेत आम्ही पहिलीपासून बारावीपर्यंत एका बाकावर बसलो, कारण हजेरीत माझ्या, म्हणजे गायकवाडच्या, नंतर जोशीच होती. तिचे बाबा रेल्वेत पार्सल ऑफिसात होते. स्टेशनजवळच्या क्वार्टर्समध्ये ते दोघंच राहत, तिची आई ती लहान असतानाच गेली होती. त्यांना मी काका म्हणे. काका बारीक चणीचे, हळू बोलणारे. मी गेले की ते स्वतः पोहे करत आणि त्यात मटार घालत, दिल्लीसारखे.

इतिहास हा विषय मेधाचा होता, माझा नव्हता. मला कशाचंच फारसं वेड नव्हतं. मला मार्क बरे पडत आणि मेधाजवळ बसायला आवडे. ती म्हणाली इतिहासात ऑनर्स करायचं, मी म्हटलं चल. ती म्हणाली मिशनच्या कॉलेजातच, तिथली लायब्ररी सगळ्यांत मोठी आहे. मी त्यालाही हो म्हटलं. फॉर्मसुद्धा दोघींचे तिनंच भरले, तिचं अक्षर चांगलं म्हणून.

तिला इतिहास का शिकायचा होता ते मला एकटीला माहीत होतं. ती दहा वर्षांची असताना एका रविवारी काका तिला पॅसेंजरनं पानिपतला घेऊन गेले. डब्यात पुऱ्या आणि बटाट्याची भाजी होती. स्टेशनबाहेर सगळीकडे सतरंज्या, खेसाच्या जाड सुती चादरी आणि घोंगड्यांची दुकानं, आणि गल्ल्यांतून हातमागांचा खटखट आवाज. लढाईची जागा कुठे आहे हे कुणाला धड सांगता येईना. शेवटी एका मागावर बसलेल्या म्हाताऱ्याला काकांनी विचारलं. त्यानं यांचं हिंदी ऐकून विचारलं, मराठे आहात का? काका हो म्हणाले. म्हाताऱ्यानं धोटा थांबवला आणि म्हणाला, "बड़ी देर से आए आप लोग."

काका हसले. मग तिथेच, त्या मागाशेजारी, भिंतीला टेकून रडायला लागले. म्हातारा उठला आणि त्यानं पाणी दिलं. मेधानं बाबांना रडताना कधी बघितलं नव्हतं, आई गेली तेव्हासुद्धा नाही. परतताना गाडीत तिनं कारण विचारलं, तर ते म्हणाले, मलाही कळलं नाही बेटा. पार्सलांवर शिक्के मारणारा माणूस दोनशे वर्षांपूर्वी मेलेल्या, नावं माहीत नसलेल्या लोकांसाठी का रडतो, हे मेधाला शोधायचं होतं. शाळेच्या गच्चीवर एकदाच तिनं मला हे सांगितलं होतं. सांगताना तिचे कान लाल झाले होते.

त्या कॉलेजात दोन याद्या लागत. एक सगळ्यांची, एक ख्रिस्ती विद्यार्थ्यांची. मेधाचे मार्क माझ्यापेक्षा बरेच जास्त होते, तरी मोठ्या यादीत ती अगदी काठावर होती. मला आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांचं पत्र जोडायचं होतं, ते पप्पांनी आणलं. मेधाला याचं काही वाटलं नाही. उलट ती म्हणाली, बरं झालं, तुझं तर नक्की होईल, आता माझंच बघायचं. दोघींनाही मुलाखतीचं बोलावणं आलं, एकाच दिवशी, एकामागून एक.

त्या दिवशी उमस अशी होती की फॉर्मचा कागद बोटांना चिकटत होता. काका रजा काढून आले होते. बाहेर जांभळाच्या झाडाखाली छत्री मिटून उभे राहिले. आम्ही व्हरांड्यात बाकावर बसलो. आसपासच्या मुली आपसांत भराभर इंग्रजी बोलत होत्या. मला रविवारच्या शाळेमुळे थोडं बोलता येई. मेधाला सगळं कळे, लिहिता उत्तम येई, पण बोलताना ती आधी वाक्य मनात जुळवायची. ती डोळे मिटून पुटपुटत होती.

माझं नाव आधी पुकारलं गेलं.

आत तिघंजण होते. प्राचार्य, कॉलेजचे धर्मगुरू आणि इतिहासाच्या एक प्राध्यापिका, खादीची साडी नेसलेल्या. पंखा नुसताच फिरत होता. चर्चबद्दल, घराबद्दल विचारून झालं आणि बाईंनी विचारलं, इतिहासच का? मी पाठ केलेलं सांगितलं, वर्तमान समजण्यासाठी भूतकाळ समजला पाहिजे वगैरे. बाई म्हणाल्या, हे तर सकाळपासून सगळ्याच सांगतायत, तुझं स्वतःचं कारण काय? माझं काही कारणच नव्हतं. मी टेबलावरच्या काचेकडे बघत राहिले. धर्मगुरूंनी घड्याळाकडे बघितलं.

आणि मी म्हणाले की माझ्या वडिलांनी मला लहानपणी पानिपतला नेलं होतं.

एकदा सुरुवात केल्यावर थांबता आलं नाही. पॅसेंजर, पुऱ्या, हातमाग, म्हातारा, सगळं सांगितलं. त्याचं वाक्य हिंदीतच सांगितलं. वडील भिंतीला टेकून रडले हे सांगताना माझाच आवाज भरून आला, आणि तो खोटा का नव्हता, हे मला आजही समजत नाही. पप्पांनी पानिपत कधी पाहिलंही नव्हतं. बाईंनी पेन खाली ठेवलं. प्राचार्य खुर्चीत पुढे सरकले. बाई हलक्या आवाजात थँक यू म्हणाल्या.

बाहेर आले तेव्हा मेधा दारातच उभी होती. काय विचारतात, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, काही नाही, सोपं आहे, आणि पाणी प्यायला गेले. तिला सांगायला एवढाच वेळ होता, नळापर्यंत जाऊन परत यायला लागतो तेवढा. मी नळ सोडून त्याखाली मनगटं धरून उभी राहिले. परत आले तेव्हा ती आत गेली होती.

ती लवकर बाहेर आली. चेहरा नेहमीसारखाच होता. बाकावरची फाईल उचलून तिनं नीट बांधली. मग म्हणाली, "त्यांनी विचारलं, आधीची मुलगी तुझी मैत्रीण आहे का. मी हो म्हटलं."

काका पुढे आले. कसं झालं विचारलं. ती म्हणाली, छान झालं बाबा. काकांनी तिथल्याच एका बाईकडून मीठ लावलेली जांभळं घेतली आणि बसस्टॉपवर आम्ही तिघांनी ती खाल्ली. तिघांच्याही जिभा जांभळ्या झाल्या. काका खुशीत होते. मेधानं पानावरचा शेवटचा वाटा माझ्यापुढे धरला.

आठवड्यानं याद्या लागल्या. ख्रिस्ती यादीत माझं नाव होतं. मोठ्या यादीत मेधाचं नव्हतं. तिनं ती यादी तीनदा वाचली, मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, चलो, एक तरी.

कॉलेजचं ते पहिलं सत्र मला असं आठवतं: सकाळी चॅपलमधली प्रार्थना, दगडी फरशीचा गारवा, वॉर्निशचा आणि ओल्या छत्र्यांचा वास. पापकबुलीची प्रार्थना मी लहानपणापासून मराठीत म्हणत आले होते, मराठीत ती म्हणताना प्रत्येक शब्द अडतो. तिथे ती इंग्रजीत होती. सगळ्यांबरोबर ती भर्रकन म्हणून होई आणि आम्ही वर्गात जात असू. लायब्ररी खरंच मोठी होती. उंच कपाटं, शिड्या, खिडकीतून येणारा तिरपा उजेड. मी तिथे बसले की मला वाटे शेजारची खुर्ची ओढून कुणीतरी बसणार आहे. कुणी बसलं की मी दचके.

मेधानं पत्राद्वारे बी.ए.ला नाव घातलं आणि नोएडात कपडे निर्यात करणाऱ्या एका नव्या ऑफिसात टायपिंगचं काम धरलं. काकांना दम्याचा त्रास सुरू झाला होता. एका सकाळी मला ती बसच्या खिडकीतून दिसली, पुलावर समोरून येणाऱ्या बसमध्ये, मांडीवर डबा. ती नोएडाला चालली होती, मी कॉलेजला. तिनं हात केला. मी केला की नाही ते आठवत नाही.

आणखी एक गोष्ट मला सप्टेंबरात कळली. आमच्या ट्यूटर सहज बोलता बोलता म्हणाल्या की तुमच्या यादीत यंदा इतिहासाला अर्जच कमी होते, आलेल्या सगळ्यांना घेतलं. म्हणजे मी काचेकडे बघत गप्प बसले असते, तरी मला जागा मिळालीच असती. मला ती गोष्ट लागतच नव्हती. जिला लागत होती तिच्याकडून मी ती घेतली होती.

नोव्हेंबरात पालकांना बोलावलं होतं. पप्पा लग्नातला कोट घालून आले. खादीच्या साडीतल्या बाई आपणहून त्यांच्याजवळ आल्या, दोन्ही हात जोडले आणि म्हणाल्या की तुमची पानिपतची गोष्ट मी विसरू शकलेले नाही. पप्पांना क्षणभर काही कळलं नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग बाईंकडे वळून हात जोडले आणि 'यस मॅडम, थँक यू' म्हणाले. बाई अजून काही विचारत होत्या, पप्पा मान हलवत होते. माझ्यासाठी ते माझ्यासमोर खोटं बोलत होते. देवाधर्माचे माणूस होते ते, घरच्या रेडिओच्या लायसन्सचे पैसे भरायचे राहिले तर त्यांना झोप लागत नसे.

आम्ही बसनं परत निघालो. यमुनेचा पूल आला. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "जोशींनी मला गणपतीत सांगितलं होतं हे. मंडळाच्या मागच्या बाकावर. ते रडले ते." थोड्या वेळानं म्हणाले, "मेधाला सांग तू. मी सांगणार नाही."

मला त्यालाही महिना लागला. डिसेंबरातली दुपार होती, दिल्लीत ज्यासाठी लोक वर्षभर थांबतात तसलं कोवळं ऊन. मेधाला सुट्टी होती. क्वार्टर्सच्या गच्चीवर चटई टाकून ती मटार सोलत बसली होती. शेजारच्या गच्चीवर रजया वाळत होत्या. खालच्या खोलीतून काकांचा खोकला ऐकू येत होता. मीही एक मूठ शेंगा घेतल्या आणि बऱ्याच वेळानं म्हणाले, "त्या दिवशी आत मी तुझ्या बाबांची गोष्ट सांगितली. माझी म्हणून."

"माहीत आहे," ती म्हणाली. बोटं थांबली नाहीत. "तू बाहेर आलीस तेव्हाच कळलं. तू माझ्याकडे बघितलंच नाहीस."

"मग तू आत जाऊन दुसरं काहीतरी का नाही सांगितलंस?"

तिनं खरंच विचार केला. हातातली शेंग अर्धी उघडलेली तशीच राहिली.

"दुसरं काय सांगणार?" ती म्हणाली. "माझ्याकडे तेवढंच होतं."

मग ती म्हणाली की बाबांना यातलं काही कळू देऊ नकोस, त्यांना वाटतं माझं इंग्रजी कमी पडलं, तसंच वाटू दे. मी रडायला लागले. तिनं मला रडू दिलं, जवळ आली नाही, उठूनही गेली नाही. सोललेले दाणे मोठ्या वाडग्यात ओतले आणि शेंगांची पुढची मूठ घेतली. त्या दिवशी तिनं मला जेवायला थांबवून घेतलं. पोह्यांसाठी मटार वेगळे काढले.

यानंतर आम्ही भांडलो नाही. भांडलो असतो तर कदाचित काही उरलं असतं. भेटीगाठी कमी होत गेल्या. मी इतिहासात पदवी घेतली आणि तो विषय पुढे कुठे नेलाच नाही. गुडगावात काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या, तिथे एका कंपनीत लागले आणि तिथेच राहिले. मेधाला संगणक लवकर आला, ती ऑफिसात वर चढत गेली. काका गेले तेव्हा मी गेले होते. तिचं लग्न झालं, त्यालाही गेले. गणपतीत मंडळात कधी दिसलो तर बोलत असू, मुलांबद्दल, ट्रॅफिकबद्दल. मग ती यमुनेपलीकडे वैशालीला राहायला गेली, मी दुसऱ्या टोकाला. दिल्ली एवढी पसरली की न भेटायला कारण लागेनासं झालं.

या जुलैत अनोळखी नंबरवरून फोन आला. कृपामावशी का, असं एका मुलीनं विचारलं. ती सानिका होती, मेधाची मुलगी. ती म्हणाली की आई मार्चमध्ये गेली. आजार वर्षभर होता. आईच्या फोनमध्ये माझं नाव 'कृपा कॉलेज' असं होतं, म्हणून तिनं मला शोधलं. तिला प्रवेशासाठी कॉलेजांचा क्रम भरायचा होता आणि आईची इच्छा होती की तिनं त्याच कॉलेजात जावं. मार्चपासून जुलैपर्यंत ती नव्हती आणि मला ते माहीत नव्हतं.

रविवारी दुपारी मी वैशालीला गेले. सानिका एकटी घरी होती. मेधासारखं कपाळ, मेधासारखेच कान. तिनं चहा केला, लॅपटॉप पुढ्यात ठेवला. "मावशी, मला तर तिथलं बिल्कुल माहीत नाही," ती म्हणाली. "होस्टेल कसं, टीचर्स कसे. आई सांगायची, तिथली लायब्ररी सगळ्यांत मोठी." मी सांगत गेले. ती वहीत लिहून घेत होती, मराठी शब्द अडला की हिंदीत विचारत होती. तिचं अक्षर चांगलं होतं. अर्धा तास बरा गेला.

मग ती म्हणाली, "मावशी, आईचं पण तिथे होणार होतं ना? ती सांगायची, नेमका मुलाखतीच्या दिवशी तिला ताप भरला. म्हणून ती गेलीच नाही."

म्हणजे घरातसुद्धा तिनं ते सांगितलं नव्हतं. स्वतःच्या मुलीलासुद्धा नाही. इतकी वर्षं तिनं तो ताप सांभाळला होता.

मी तेवढ्यावर उठू शकले असते. सानिकानं माझ्याकडे आईची मैत्रीण म्हणून बघितलं होतं, आईला ओळखणारं आता तिला दुसरं कोण होतं. पण मेधानं माझ्यासाठी बोललेलं खोटं मी तिच्या घरात बसून, तिच्या कपातला चहा पिऊन पुढे चालवायचं, हे मला जमेना. मी म्हटलं, ताप नव्हता. आणि सगळं सांगितलं. नळापाशी उभी राहिले तेसुद्धा.

सानिकानं मध्ये एकदाही अडवलं नाही. संपल्यावर विचारलं, "आईला माहीत होतं?"

"हो."

"आणि तरी ती तुमच्याशी बोलायची?"

"बोलायची."

तिनं वही मिटली. समोरच्या इमारतीच्या बाल्कन्यांत एसींच्या पेट्या गळत होत्या. मग ती म्हणाली की पप्पा येतील आता, मला थोडं काम आहे. मी पर्स उचलली.

लिफ्टपर्यंत ती सोडायला आली, बटण तिनंच दाबलं. आईचे संस्कार होते. लिफ्ट यायला वेळ लागला. आम्ही दोघी बंद दाराकडे बघत उभ्या राहिलो. दार उघडलं तेव्हा ती म्हणाली, "आंटी, गेटबाहेर उजवीकडे ऑटो मिळतात."

दुपारभर ती मला मावशी म्हणत होती. मी बरं म्हटलं आणि आत शिरले.